डाव्या बाजूचं कार्पेट

रेजिनाल्ड टॉफ्टनं आयुष्यात कुठलीही गोष्ट घाईनं केलेली नव्हती. लग्नसुद्धा त्यानं नऊ वर्षं विचार करून केलं. त्यामुळे आपल्या जुन्या मॉरिस गाडीतलं कार्पेट बदलायला एक शनिवार पुरेल, हा अंदाजही त्यानं पूर्ण विचारांतीच बांधला होता. तो एप्रिलमधला दुसरा शनिवार होता. काम संपलं जूनमध्ये, आणि ते नीट संपलं असं आजही कुणाला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही.

गाडी एकोणीसशे एकोणसाठची, करड्या रंगाची. तीन वर्षांपूर्वी रेजनं ती हेडली बॅगशॉ यांच्याकडून घेतली. बॅगशॉ म्हणजे चुनखडीच्या खाणीत चाळीस वर्षं सुरुंग लावणारा माणूस. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी गाडी विकली आणि टेकडीखालच्या वृद्धाश्रमात जाऊन राहिले. विकताना अट एकच घातली. दरवर्षी जूनच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या सुमारास, रेजनं त्यांना या गाडीतून टेकडीवरच्या चॅपेलपर्यंत न्यायचं. त्यांची बायको, विनी, तिथेच पुरलेली होती. वर जाऊन थर्मासमधला चहा प्यायचा आणि परत यायचं. दोन वर्षं हे बिनबोभाट पार पडलं होतं. यंदा मात्र वृद्धाश्रमातल्या नर्सनं रेजला दाराशी थांबवून हळूच सांगितलं होतं, "पुढच्या वर्षीचं त्यांच्याशी काही बोलू नका." म्हणजे जूनचा हा रविवार चुकवून चालणार नव्हतं.

कार्पेट बदलायचं ते बॅगशॉ यांच्यासाठी, असं रेज सगळ्यांना सांगत असे. त्या दिवशी गाडी कशी नव्या नवरीसारखी दिसली पाहिजे, वगैरे. खरं कारण त्याच्या पाकिटात घडी घालून ठेवलेलं होतं. जुन्या गाड्यांच्या क्लबाच्या प्रदर्शनात परीक्षकानं त्याला एक कार्ड दिलं होतं, आणि त्यावर लिहिलं होतं, 'इंजिन उत्तम. रंग चांगला. कार्पेट शोचनीय.' त्या 'शोचनीय'नं रेजचा सगळा हिवाळा खाल्ला. चौतीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींना उत्तरं देऊनही त्याला कुणी शोचनीय म्हटलं नव्हतं, निदान लेखी तरी नाही.

तरी माणूस रीतीचा. त्यानं बॅगशॉ यांना पत्र लिहून विचारलं, कार्पेट बदललं तर चालेल का? आठवड्यानं उत्तर आलं, काळ्या शाईत, मोठ्या थरथरत्या अक्षरात. 'गाडी आता तुमची आहे. तुम्हाला योग्य वाटेल ते करावं. माझी हरकत असण्याचं कारणच काय?'

आता रेजच्या डर्बीशायर परगण्यात 'हरकत नाही' याचा अर्थ थोडी हरकत आहे असा होतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. 'मुळीच हरकत नाही' म्हणजे बरीच हरकत आहे. आणि 'हरकत असण्याचं कारणच काय' असं लिहून देणारा माणूस ते मरेपर्यंत विसरणार नसतो. रेज तिथेच जन्मला, तिथेच वाढला, आणि चौतीस वर्षं हीच भाषा त्यानं सरकारी शिक्क्यानिशी लोकांना लिहिली. पण सोयीचं असलं की माणूस शब्दशः वाचतो. त्यानं पत्र मॉरीनला, म्हणजे बायकोला, दाखवलं. तिनं ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "रेज, त्यांना नकोय."

"नकोय असं कुठे लिहिलंय?"

"तेच म्हणते मी," असं म्हणून मॉरीन बटाटे सोलायला गेली. रेजनं त्याच दुपारी नव्या कार्पेटची ऑर्डर दिली.

कार्पेट येईपर्यंत जुनं काढायचं होतं. त्यासाठी आधी सीट काढायच्या, आणि सीट काढायच्या तर बोल्ट सैल व्हायला हवेत. चारांपैकी तीन झाले. चौथ्याला तेल पाजलं, गरम पाण्यानं शेकलं, शेवटी रेजनं त्याच्याशी सभ्य भाषेत बोलूनही पाहिलं, आणि तो मधोमध तुटला. काढलेली डावी सीट गॅरेजात जागा नाही म्हणून बैठकीच्या खोलीत आली. मॉरीन एकदा सहज तिच्यावर बसली आणि म्हणाली की या घरात तिच्या पाठीला मानवणारी ही पहिलीच वस्तू. त्या दिवसापासून ती टीव्ही त्याच सीटवर बसून पाहू लागली आणि कामाची चौकशी करायची थांबली.

जुनं कार्पेट निघालं तेव्हा सगळ्यांच्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली. चालवणाऱ्याच्या टाचेखाली कार्पेट झिजतं, ते समजण्यासारखं आहे. पण इथे डाव्या बाजूला, नुसत्या बसणाऱ्याच्या पायाखाली, टाचेएवढं आरपार भोक होतं, आणि त्याच्या पुढे चढत्या भागावर तळव्याएवढी जागा पार दोऱ्यावर आली होती. त्या भोकाखाली केसांच्या तीन पिना आणि पेपरमिंटची एक गोळी सापडली. गोळी रेजनं टाकून दिली, पिना स्क्रूंच्या डबीत ठेवल्या.

शेजारचा कीथ कुंपणावर कोपरं टेकून सल्ला देत असे. सल्ला देण्याखेरीज निवृत्तीनंतर त्यानं दुसरं काही हाती घेतलं नव्हतं. तो म्हणाला, हे उंदरांचं काम. क्लबाचा दप्तरप्रमुख कॉलिन मोल्ड मुद्दाम पाहायला आला, गुडघ्यावर बसून त्यानं भोकाचा वास घेतला आणि बॅटरीतलं आम्ल सांडलं असावं असा निर्णय दिला. बॅटरी तिथून चार फुटांवर असते, ही अडचण त्यानं मोठ्या मनानं बाजूला सारली. मॉरीन कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "कुणीतरी तिथे बसून चिडत असेल." तिचं म्हणणं कुणी नोंदवून घेतलं नाही.

नवं कार्पेट आलं ते एका पोत्यात, चौदा तुकड्यांमध्ये. कुठल्याच तुकड्यावर नाव नाही, खूण नाही. सोबतच्या कागदावर सूचना एकच होती: 'तुकडे आपापल्या जागी बसवावेत.' रेजनं ते अंगणातल्या हिरवळीवर मांडले. कीथ म्हणाला, उन्हात दोन दिवस पडू दे, घड्या मोडतील. ऊन डर्बीशायरात सांगून येत नाही, त्या आठवड्यात तर ते आलंच नाही. कीथची मांजर मात्र आली, आणि तिनं सगळ्यात मोठ्या तुकड्यावर तीन पिल्लं घातली. मांजरीला उठवायचं नसतं असं कीथचं मत. तिला उठवायला रेजचंही मन धजेना, आणि अशा रीतीनं मे महिना उजाडला.

मग कॉलिन पुन्हा आला. त्यानं एक लाल तुकडा उजेडात धरला आणि खांदे पाडून उभा राहिला. दुखवट्याला आलेली माणसं अशीच उभी असतात. शेवटी म्हणाला, "रेज, हा लाल तो लाल नाही."

"कोणता लाल?"

"एकोणसाठच्या ऑगस्टपर्यंतचा. तुझी गाडी जुलैची. हा सप्टेंबरनंतरचा लाल आहे." परीक्षकांपुढे हा लाल चालवायचा तर क्लबाकडे सवलतीचा अर्ज करावा लागेल, तीन प्रतींमध्ये, फोटोसकट, असं तो म्हणाला. अर्जातला एक प्रश्न असा होता: 'मूळ कार्पेट का काढण्यात आले?' रेजनं बराच विचार करून लिहिलं, 'शोचनीय असल्यामुळे.' कॉलिनला तो टोमणा वाटला, आणि पुढचे दहा दिवस त्यानं रेजचा फोन घेतला नाही.

गियरच्या दांड्यासाठी मधल्या तुकड्याला खाच पाडायची होती. रेजनं चार वेळा मापं घेतली, खडूनं खूण केली, श्वास रोखून धरला आणि कापलं. काप अगदी सरळ आला. फक्त खूण त्यानं कार्पेटच्या पाठीवर केली होती, त्यामुळे तुकडा उलटल्यावर खाच नेमकी दुसऱ्या बाजूला गेली. चूक झाली हे कळल्यावर माणसं ओरडतात, काहीतरी फेकतात. रेज आत गेला, हात धुतले, आणि मॉरीनशेजारी जमिनीवर बसून बागकामाचा एक पूर्ण कार्यक्रम पाहिला. तिनं सीटवरून हात खाली करून त्याच्या खांद्यावर ठेवला. लग्नाआधी नऊ वर्षं विचार केला होता तो फुकट गेला नव्हता.

दुसरा मधला तुकडा मागवला. मग डिंकाची पाळी आली. हा डिंक असा की दोन्ही बाजूंना लावायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि टेकवायचं. एकदा टेकला की देवालासुद्धा निघायचा नाही. रेजनं इमानदारीत दोन्ही बाजूंना लावला आणि दहा मिनिटं थांबला. पण थांबला तो त्याच जागेवर गुडघा टेकून. गाडीतून उतरायची वेळ आली तेव्हा उजवा गुडघा उतरायला तयार होईना. अर्धा देह गाडीत आणि अर्धा रस्त्याकडे, अशा स्थितीत त्यानं चाळीस मिनिटं काढली. त्या वेळात गावच्या पाद्रीबाई सायकलवरून गेल्या आणि तो गुडघ्यावर आहे हे पाहून आदरानं मान लववून गेल्या. शेवटी कीथनं कात्री आणून पँट कापली. ती कापडाची चकती आजही त्या गाडीत कार्पेटखाली आहे. या भानगडीत डिंक इतका वाया गेला की डाव्या बाजूच्या वाट्याला फक्त चार थेंब आले. रेज म्हणाला, चालेल, तिकडे कोण बघतंय.

कीथलाही आता भरून आलं होतं. त्याच्या जिन्याचं कार्पेट नुकतंच बदललं होतं, त्याखालचं जाड अस्तर त्यानं रेजला देऊन टाकलं. "पायाला लोण्यासारखं लागेल," तो म्हणाला. रेजला ते नको होतं. पण शेजाऱ्यानं दिलेली वस्तू नको म्हणायची तर तिथे गाव सोडावं लागतं. त्यानं 'फारच आभारी आहे' असं म्हणून ते अस्तर पुढच्या दोन्ही बाजूंना कार्पेटखाली घातलं.

राहता राहिलं जुनं कार्पेट. कचरा डेपोवर जायचं तर आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. रेजला गुरुवारची अकरा वीस ते अकरा चाळीस अशी वेळ मिळाली, आणि तो मॉरीनच्या गाडीतून अकरा एकोणीसला हजर झाला. पिवळं जाकीट घातलेल्या माणसानं गुंडाळी पाहिली आणि विचारलं, "कुठून काढलं हे, राजा?"

रेजला खोटं बोलता येत नसे. "गाडीतून," तो म्हणाला.

"मग हा गाडीचा भाग झाला. गाडीचे भाग इथे घेत नाही. परवाना लागतो."

कार्पेटसाठी वेगळा डबा दहा पावलांवर दिसत होता. रेजनं तो दाखवला. तो घरातल्या कार्पेटसाठी आहे, असं उत्तर मिळालं. गेले दोन महिने हे घरातच होतं, असं रेज म्हणाला, आणि पुन्हा इमानदारीत सांगून बसला की घरात म्हणजे गॅरेजात. पिवळ्या जाकिटातल्या माणसानं खरंच वाईट वाटून मान हलवली. गॅरेज म्हणजे घर नव्हे. रेजनं घरी येऊन नगरपालिकेला अर्ज केला. उत्तर आलं, 'आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे.' हे वाक्य रेजनं स्वतः आयुष्यात निदान वीस हजार वेळा लिहिलं असेल. ते आपल्याला आल्यावर कसं लागतं हे त्याला पासष्टाव्या वर्षी कळलं. गुंडाळी मॉरिसच्या डिकीत गेली, कारण आता मॉरीननं तिची गाडी द्यायला नकार दिला होता.

जूनचा दुसरा रविवार उजाडला. सीट आदल्या संध्याकाळी मॉरीनकडून बाबापुता करून परत मिळवली होती. गाडी आतून लालभडक दिसत होती. नर्सनं आणि रेजनं मिळून बॅगशॉ यांना डाव्या सीटवर बसवलं. मागच्या जूनपेक्षा ते निम्म्यानं हलके झाले होते. कोट मात्र कडक इस्त्रीचा, आणि मांडीवर विनीसाठी फुलं.

त्यांनी उजवा पाय पुढे सरकवला. मागची दोन्ही वर्षं ते पाय असाच ताठ पुढे करून बसले होते, गुडघा आखडत असेल अशी रेजची समजूत होती. आज तो पाय इकडे गेला, तिकडे गेला, परत आला. बूट नव्या लोकरीवरून सारखा घसरत होता. बॅगशॉ यांना जवळचंसुद्धा धड दिसत नसे, तरी त्यांनी मान खाली घालून पाहिलं.

"छान झालंय," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "फारच छान."

एकदा म्हटलं असतं तर रेजनं मानलं असतं. दोनदा म्हटल्यावर त्यानं किल्ली तशीच धरून त्या पायाकडे पाहिलं.

चढ लागला तेव्हा कीथच्या अस्तराचा गुण दिसला. ॲक्सिलरेटर अर्धा खाली गेला आणि लोण्यात रुतून थांबला. गाडी माणसाच्या चालीनं वर चढू लागली. मागे सायकलींची रांग लागली, त्यांतल्या एका बाईनं पुढे जाताना धीर द्यावा तसा टपावर हात थोपटला. एरवी रेजला याची लाज वाटली असती. आज त्याचं लक्ष डावीकडच्या पायावर होतं. प्रत्येक वळणावर तो पाय काहीतरी शोधायचा आणि न सापडल्यासारखा मागे यायचा. बॅगशॉ दोन्ही हातांनी दार धरून बसले होते. रेजला मॉरीन आठवली, बटाटे आठवले, ते पत्र आठवलं.

चॅपेलपाशी फुलं वाहून झाली. परत गाडीत बसून दोघांनी चहा घेतला. मग रेजनं अशी गोष्ट केली की जी त्या मुलुखात सहसा कुणी करत नाही. त्यानं सरळ विचारलं.

"मिस्टर बॅगशॉ, तुम्हाला हे नको होतं ना?"

म्हाताऱ्यानं कपातला उरलेला चहा संपवला. "तुमची गाडी आहे, मिस्टर टॉफ्ट."

"ते झालं. पण नको होतं ना?"

"विनीचा ब्रेक होता तिथे," बॅगशॉ म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. ते गाडी जोरात हाकायचे. सुरुंग लावणाऱ्या माणसाला वळणाचं भय काय? विनी शेजारी बसून पंचेचाळीस वर्षं प्रत्येक वळणावर उजवा पाय दाबायची, जणू तिच्याही बाजूला ब्रेक आहे. त्यावरून त्यांची भांडणं व्हायची. "मी म्हणायचो, अगं, तुझ्याकडे ब्रेक नाही. ती म्हणायची, तरी गाडी थांबते ना?" त्यांनी बुटाचं टोक नव्या लोकरीवर घासलं. "तिच्या जागेवर मी कधी बसलोच नव्हतो. तुम्ही नेलंत तेव्हा पहिल्यांदा बसलो. माझा पाय आपोआप त्या भोकात गेला, आणि पुढचं वळण अंगावर आलं. मी किती जोरात चालवत होतो ते मला तेव्हा कळलं, मिस्टर टॉफ्ट. तिला सांगायचं राहून गेलं."

रेजला स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि या लाजेत परीक्षकाचा काही संबंध नव्हता. तो उतरला, डिकी उघडली. नगरपालिकेच्या कृपेनं गुंडाळी तिथेच होती, पेचकस आणि स्क्रूंची डबीही. रविवारच्या पँटनिशी तो डाव्या दारापाशी गुडघे टेकून बसला आणि नव्या कार्पेटचं टोक धरून ओढलं. चार थेंबांचा डिंक, एका हिसक्यात निघालं. त्याखालून कीथचं लोणी काढलं, धुळीनं भरलेला जुना तुकडा अंथरला, आणि दोन स्क्रू लावेपर्यंत डबी बॅगशॉ यांच्या हातात दिली. म्हातारा डबीत बोटं फिरवत राहिला. डबी परत आली तेव्हा स्क्रू होते, पिना नव्हत्या. रेजनं झाकण लावून टाकलं.

बॅगशॉ यांनी पाय पुढे केला. टाच भोकात बसली.

उतारावर ॲक्सिलरेटरची गरज नव्हती. गाडीनं आपणहून वेग घेतला, आणि दगडी भिंतीजवळचं अवघड वळण समोर आलं. म्हाताऱ्यानं उजवा पाय दाबला. त्याच क्षणी रेजनंही दाबला. गाडी हळू झाली, भिंतीपाशी अलगद वळली आणि खालचं गाव दिसू लागलं.

"थांबते," बॅगशॉ स्वतःशीच म्हणाले. पुढच्या प्रत्येक वळणावर रेजनं आधी डावीकडे, त्या पायाकडे पाहिलं आणि मग ब्रेक लावला.

सप्टेंबरात क्लबाचं प्रदर्शन झालं. परीक्षकानं दार उघडलं, उजवीकडचं लाल पाहिलं, डावीकडचं भोक पाहिलं आणि बराच वेळ लिहीत राहिला. कार्डावर शेरा होता, 'डाव्या बाजूचे कार्पेट अतिशय शोचनीय. त्वरित बदलावे. मालकाचा अभिप्राय?' रेजनं खिशातून पेन काढलं, कार्ड टपावर टेकवलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सूचनेबद्दल आभारी आहे. माझी हरकत असण्याचं कारणच काय?'